सिगारेटआधीचा पाऊण तास

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईनं, कारण पहिल्याच ओळीनं पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा सावकाश, हातात पेन्सिल घेऊन. ‘कमकुवत’ हा शब्द तू ५ वेळा लिहिला आहेस. झोपेचा उल्लेख एकदाच, तोही जाता जाता, की गेले ३ आठवडे रात्री २ च्या आधी डोळा लागत नाही. बैठकीत जे घडलं ते तर अडीच ओळींत उरकलंस: तुझा अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला, लोक हसले, तुला बोलायची संधीच मिळाली नाही. मग पाऊण तासानं सिगारेट, ७ महिन्यांनंतरची पहिली. आणि त्यापुढे दीड पान स्वतःला बोल लावणं.

त्या दीड पानातलं मला फारसं काही पटलेलं नाही. जे महत्त्वाचं आहे ते त्या पाऊण तासात आहे, आणि त्याआधीच्या ३ आठवड्यांत. तो पाऊण तास तुझ्या शरीरात आणि मेंदूत कसा गेला असेल, ते मला तुला सांगायचंय. सगळं ऐकूनही तू स्वतःला कमकुवतच म्हणालास तर मी वाद घालणार नाही. पण आधी ऐक.

हशा तुझ्या कानावर पडला आणि सेकंदा-दोन सेकंदांत मज्जातंतूंमधून निरोप गेला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींनी ॲड्रेनलिन रक्तात सोडलं. छाती धडधडली, तोंड कोरडं पडलं, हात गार झाले. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या अवस्थेकडे लढण्याची किंवा पळण्याची तयारी म्हणून पाहिलं. तुला तिथे लढताही येत नव्हतं आणि पळताही येत नव्हतं. शरीराची सगळी तयारी झाली आणि तू खुर्चीत बसून राहिलास.

त्याच वेळी मेंदूतही काहीतरी घडत होतं. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलिअस नावाचा एक बारीकसा पुंजका आहे. नावाचा अर्थच ‘निळसर जागा’. तिथून नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन मेंदूभर पसरतं. थोडं पसरलं तर माणूस तल्लख होतो. पण प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ढिला पडतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी वर्षानुवर्षं या एकाच गोष्टीचा माग काढला आहे. आपल्याला थांबवणारा, पुढचा विचार करायला लावणारा, दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणारा भाग तो हाच. तो मागे सरला की सूत्रं भीती ओळखणाऱ्या अमिग्डालाकडे आणि जुन्या सवयींकडे जातात. म्हणूनच त्या क्षणी तुला शब्द सापडले नाहीत आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर चोख उत्तर सुचलं. ‘मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं’ असं तू लिहिलंयस. अरे, बोलण्याचं काम ज्याच्याकडे, तोच त्या वेळी जागेवर नव्हता.

आता दुसरी साखळी. ही संथ असते, म्हणूनच लोकांच्या लक्षात येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो. फक्त ४१ अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू. वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तो मेंढ्यांच्या मेंदूतून शोधून काढला. त्याच्या सांगण्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, आणि ते रक्तातून ॲड्रिनलपर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बाहेर पडतं. या सगळ्याला वेळ लागतो. रक्तातल्या कॉर्टिसॉलचा कळस प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी येतो, आणि ते खाली यायला तास-दीड तास जातो.

जरा घड्याळ लावून बघ. बैठक सुटली, तू बाहेर आलास, तुला वाटलं झालं ते झालं, सुटलो. शरीराच्या हिशेबानं तेव्हा कुठे भरती चढत होती. तू एकटा होतास, कोणाशी बोलला नव्हतास, आणि कॉर्टिसॉल अजून चढलेलंच होतं. सिगारेट नेमकी त्याच वेळी पेटली.

आणखी एक. कोणत्या प्रकारच्या ताणानं कॉर्टिसॉल सर्वात जास्त चढतं, याचा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली २०८ अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. उत्तर निघालं ते असं: जिथे इतर माणसं आपलं मोजमाप करत असतात आणि जिथे आपल्या हातात काहीच नसतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की हार्मोनची उसळी सर्वात मोठी आणि ओसरायला सर्वात उशीर. प्रयोगशाळेत माणसाला ताण द्यायची जी पद्धत जगभर वापरतात, जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ साली बसवलेली, तीही अशीच आहे: चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर ५ मिनिटं भाषण आणि ५ मिनिटं तोंडी गणित. इतरांनी केलेलं मोजमाप आणि आपल्या हातात काही नसणं, तुझ्या त्या दुपारी या दोन्ही गोष्टी हजर होत्या. शिवाय प्रयोगशाळेत कोणी हसत नाही.

कॉर्टिसॉलला शत्रू समजू नकोस मात्र. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते वाढतं म्हणून आपण उठून कामाला लागतो. ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णन केलेल्या आजारात होतात तशा, त्यांना हे हार्मोन औषध म्हणून आयुष्यभर घ्यावं लागतं; नाही घेतलं तर जीव जातो. ते येणं हा बिघाड नसतो. आलेलं परत न जाणं, हा बिघाड.

इथे तुझे ते ३ आठवडे येतात, ज्यांना तू एक ओळ दिलीस.

कॉर्टिसॉल मेंदूत शिरतं आणि तिथल्या पेशींना सांगतं की पुरे, आता थांबवा. हा निरोप ऐकणारी एक मोठी जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस, आपली आठवणींची जागा. ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ साली उंदरांमध्ये दाखवलं की ताणाचं हार्मोन जाऊन बसतं ते तिथेच. त्याआधी कोणाला वाटलं नव्हतं की हे हार्मोन विचाराच्या आणि आठवणीच्या केंद्रांशी इतकं थेट बोलत असेल. पण रोजच्या रोज हा निरोप मोठ्या आवाजात येत राहिला की ऐकणारेच थकतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं २००२ साली एक गोष्ट दाखवली, ती मी गेली कित्येक वर्षं शिकवते आहे आणि तरी दर वेळी थबकते. सततच्या ताणाखाली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि त्याच उंदरांच्या अमिग्डालामधल्या पेशींच्या फांद्या वाढल्या. म्हणजे ब्रेक लावणारा अशक्त झाला आणि घंटा वाजवणारा धष्टपुष्ट.

झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्या वेळी कॉर्टिसॉल उतरायला हवं त्या वेळी, ते वरच रेंगाळतं. मग रात्री पुन्हा झोप नाही. तुझे २१ दिवस असेच गेले. बैठकीच्या दिवशी तू खोलीत शिरलास तेव्हाच तुझा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स थकलेला होता. बैठकीनं त्याला फक्त शेवटचा धक्का दिला.

इथेच तुझ्या मनात भीती उभी राहील की मेंदू कायमचा बिघडला की काय. तर हेही वाच. २००९ मध्ये कॉनर लिस्टन यांनी वैद्यकीय परीक्षेची तयारी करणारे २० विद्यार्थी घेतले. ४ आठवड्यांच्या ताणानंतर त्यांना लक्ष एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर नेणं जड जात होतं, आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे मेंदूच्या इतर भागांशी असलेले दुवे सैल दिसत होते. परीक्षा संपली, महिनाभर स्वस्थपणा मिळाला, आणि पुन्हा तपासलं तर ते इतरांसारखेच झाले होते. तरुण मेंदूत हे परत येणं फार जोरकस असतं. मी याकडे दिलासा म्हणून बघत नाही, वेळापत्रक म्हणून बघते. तुला एक महिना लागेल. त्या महिन्यात मोठे निर्णय घेऊ नकोस.

त्याच वर्षी नूनो सूझा आणि रुई कोस्टा यांच्या गटाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदीर कळ दाबून खाणं मिळवायला शिकले. पोट भरलेलं असलं की साधा उंदीर कळ दाबत नाही. पण ३ आठवडे ताणाखाली ठेवलेले उंदीर पोट भरलेलं असतानाही कळ दाबत राहिले. त्यांच्या मेंदूत हेतू धरून वागण्याचा मार्ग आखडला होता आणि सवयीचा मार्ग रुंद झाला होता. तू लिहिलंयस, ‘मला ओढायची इच्छासुद्धा नव्हती, हात आपोआप गेला.’ हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. ते खरं आहे, रे. तू सबब सांगत नव्हतास. इच्छेशिवाय हात जाणं, हेच तर ताणाखालच्या मेंदूचं लक्षण.

पण मग सवय तर इतरही शेकडो असतात. हात सिगारेटकडेच का गेला? या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण ताण आणि नशा मेंदूत एकाच दारातून आत येतात.

मेंदूच्या मध्यभागी डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक छोटा गट आहे. काय महत्त्वाचं, कशामागे धावायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. २००३ साली रॉबर्ट मलेन्का आणि अँतोनेलो बोन्ची यांच्या गटानं उंदरांना एकदाच, फक्त एकदा, कोकेन दिलं. काहींना मॉर्फिन, काहींना निकोटिन, काहींना दारू. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर या पेशींवरचे जोड सगळीकडे सारखेच बळकट झालेले. आणि एका गटाला काहीच दिलं नव्हतं, थंड पाण्यात थोडा वेळ पोहायला लावलं होतं, बस. त्यांच्यातही तोच बदल. एक फरक मात्र होता: कॉर्टिसॉलसारख्या हार्मोनचा निरोप आधीच अडवला तर ताणाचा परिणाम थांबत होता, नशेचा थांबत नव्हता. म्हणजे नशा आपल्या वाटेनं येते, ताण हार्मोनच्या वाटेनं येतो, आणि दोघं एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

त्याआधी १९९५ मध्ये यावीन शहाम आणि जेन स्टुअर्ट यांनी हेरॉइनची सवय लागलेले उंदीर घेतले होते. कळ दाबून आता काही मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी कळ सोडून दिली होती. मग त्यांच्या पायांना काही मिनिटं सौम्य विजेचे झटके दिले. हेरॉइन दिलं नाही, दाखवलंही नाही. तरी ते पुन्हा त्याच कळीवर तुटून पडले. ७ महिन्यांनी तलफ कशी येऊ शकते, असं तू विचारलंस. जुनी वाट बुजलेली नसते, तिच्यावर फक्त गवत वाढलेलं असतं, आणि ताणाच्या क्षणी मेंदूला दुसरी वाट आठवत नाही.

माणसांमध्येही हे दिसतं. रजिता सिन्हा यांनी येलमध्ये कोकेनच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना त्यांच्याच आयुष्यातला ताणाचा प्रसंग काही मिनिटं ऐकवला. तेवढ्यानं तलफ उसळली, आणि ज्यांची जास्त उसळली ते उपचारानंतर लवकर घसरले. यातून तुझ्यासाठी मी एक सरळ गोष्ट घेते: ती बैठक रात्री अंधारात एकट्यानं पुन्हा पुन्हा मनात घोळवू नकोस. प्रत्येक वेळी घोळवताना शरीराला ती पुन्हा घडते. सांगायची असेल तर दिवसा सांग, माणसाला सांग.

आता सिगारेटबद्दल, कारण ‘ओढल्यावर ५ मिनिटं खरंच शांत वाटलं’ असं तू लिहिलंयस आणि त्याच वाक्यानं मला सर्वात जास्त काळजी वाटली.

ओढलेलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. ते स्वतः शांत करणारं नाही. हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं, ताणाची साखळीही ढवळतं. मग शांत का वाटतं? नियमित ओढणाऱ्याच्या रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्मं होतं. पातळी उतरली की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ती बेचैनी मिटवते, आणि माणसाला वाटतं ताण मिटला. आगीनं लावलेला चटका आगीनंच शेकावा तसं हे. तुझी ती सिगारेट ७ महिन्यांनंतरची होती, त्यामुळे तुझी ५ मिनिटं शारीरिक कमी आणि आठवणीची जास्त होती. मेंदूनं जुन्या शांततेची प्रत काढून दिली. पण तिच्यामागून आणखी ओढल्यास तर ते चक्र खरोखर सुरू होईल. उलट बाजूनं बघ: २०१४ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झाले होते.

‘सिगारेटनं ताण जातो’ हे वाक्य लोकांच्या तोंडी कसं बसलं, त्याचा एक धागा तुला सांगायलाच हवा, कारण मला तो कळला तेव्हा फार दुखलं होतं. ताण हा शब्द वैद्यकात रुजवणारे हान्स सेली. १९३६ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी एका छोट्याशा टिपणात मांडलं की उंदराला कोणतीही इजा करा, थंडी, जखम, विष, शरीर त्याच ३ खुणा दाखवतं: ॲड्रिनल फुगते, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठराला व्रण पडतात. ते खरं तर नवं हार्मोन शोधायला निघाले होते. तो शोध फसला आणि हे हाती लागलं. विद्यार्थिदशेत मी त्यांना फार मानायचे. पुढे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली आणि त्यांतून दिसलं की सेलींच्या संशोधनाला या कंपन्यांचा मोठा पैसा होता. १९६९ साली कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी धूम्रपानाची बाजू उचलून धरली, ताणावरचा उतारा म्हणून. त्यांचं १९३६ चं काम खोटं ठरत नाही. पण ‘सिगारेटनं ताण जातो’ हे वाक्य विकणाऱ्यांनी पैसे मोजून वाढवलेलं आहे. त्याला तुझा अनुभव समजू नकोस.

सगळ्यांना ताण येतो, मग सगळेच का घसरत नाहीत, असंही तू विचारलंस. घसरण्याची शक्यता सगळ्यांची सारखी नसते. बोर्दोमध्ये पियाझा आणि ल मोआल यांनी १९८९ मध्ये पाहिलं होतं की नव्या जागी सोडल्यावर जे उंदीर जास्त अस्वस्थ फिरतात, तेच पुढे ॲम्फेटामिनच्या नादी लवकर लागतात. आणि त्यांच्यात ताणाचं हार्मोन जास्त वेळ चढलेलं राहतं. माणसांत बालपण मोजावं लागतं. अमेरिकेत १९९८ साली फेलिटी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांना बालपणीच्या मारहाणीबद्दल, घरातल्या व्यसनाबद्दल विचारलं. अशा ४ किंवा अधिक प्रकारांतून गेलेल्यांमध्ये दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. तुझ्या घराबद्दल तू मला एकदाच बोललास, ते मी विसरलेले नाही. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, ते समोरासमोर बोलू. एवढंच की ज्या मुलाला लहानपणी पावलांच्या आवाजावरून माणसाचा राग ओळखावा लागतो, त्याची घंटा मोठेपणी लवकर वाजते. ती बनवताना तुला कोणी विचारलं नव्हतं.

आणि तरीही हे नशीब नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या जवळपास २० टक्के सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला, तर त्यांच्यातले सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. तज्ज्ञांना सुरुवातीला विश्वास बसेना. पण युद्ध मागे पडलं होतं, ती जागा, ती भीती, ती माणसं मागे पडली होती. मेंदू तोच, भोवताल बदललेला.

माझी एक जुनी चूक तुला सांगते. सुरुवातीच्या वर्षांत व्यसन सोडायला माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणायचे, ‘मनावर ताबा ठेवा.’ मला ते शहाणपणाचं वाटायचं. एक गृहस्थ ११ महिने सोबर होते, नशेपासून दूर. स्लिप झाल्यावर, म्हणजे एकदा घसरल्यावर, ते माझ्याकडे आलेच नाहीत, कारण ताबा सुटला हे मला सांगायची त्यांना लाज वाटली. परत आले ते दीड वर्षानं, फार वाईट अवस्थेत. एक स्लिप ते पूर्ण रिलॅप्स, म्हणजे पुन्हा व्यसनात अडकणं, या प्रवासात त्यांना माझ्या वाक्यानं ढकललं, असं मी आजही मानते. ॲलन मार्लट यांनी हे फार आधी ओळखलं होतं: घसरल्यावर माणूस ‘मी असाच आहे’ असं म्हणाला की तो अपराधीपणाच नवा ताण होतो, आणि त्या ताणावरचा उतारा म्हणून पुन्हा तीच वस्तू समोर येते. तुझं दीड पान मला म्हणून नकोय. ते मला दुसऱ्या सिगारेटची तयारी वाटतं.

मग करायचं काय? ज्या क्षणी ताबा ठेवणारा भाग जागेवर नसतो, त्या क्षणावर काहीच सोपवायचं नाही. सगळं आधी ठरवायचं, शांत असताना.

पहिली झोप. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. उठायची वेळ रोज एकच ठेव, मग रात्री कितीही वाजता झोपलेला अस. दारूनं झोप आणायचा विचारही नको. ती लवकर डोळा लावते आणि उत्तररात्री मोडते. २ आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. तिथे निकोटिनच्या पट्ट्या आणि गोळ्यांबद्दलही विचार, त्यात कमीपणा काही नाही. सीआरएच अडवणारी औषधं मात्र उंदरांमध्ये छान चालली आणि दारूच्या व्यसनावर माणसांमध्ये घेतलेल्या चाचण्यांत टिकली नाहीत, त्यामुळे ताण पुसून टाकणारी गोळी मी तुला सांगू शकत नाही.

(तुझ्या खोलीतल्या मित्राबद्दल लिहिलंस, तो रोज भरपूर पितो आणि आता एकदम सोडणार म्हणतो. त्याला आजच सांग की डॉक्टरशिवाय एकदम बंद करू नकोस. जुनी, रोजची दारू अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. हे फार गंभीर आहे.)

दुसरं, हातात काहीतरी असणं. १९७० च्या आसपास जे वाइस यांनी उंदरांच्या जोड्या केल्या. दोघांना अगदी सारखेच झटके, पण एकाला चाक फिरवून ते थांबवता येत होते. व्रण कमी पडले ते त्यालाच. झटके तेवढेच, फरक फक्त चाकाचा. तुझ्या बैठकीत तुला चाक कुठलं मिळेल? अहवाल आदल्या दिवशी लेखी पाठवणं, पहिली २ मिनिटं स्वतः मांडणी करायची परवानगी आधीच मागून ठेवणं. कागदावर एक वाक्य लिहून ने: ‘मी याचं उत्तर उद्या लेखी देतो.’ ते आयतं लिहिलेलं असू दे, कारण त्या क्षणी वाक्य रचता येणार नाही, वाचता मात्र येईल. श्वास सोडताना लांब सोड, मिनिटाला ६ च्या आसपास. त्यानं हृदयाची गती खरोखर उतरते.

तिसरं, तो पाऊण तास. मार्को व्हेनिरो आणि शहाम यांचा २०१८ चा प्रयोग मला सर्वात प्रिय आहे. मेथ, म्हणजे मेथॲम्फेटामिन या नशेची सवय लागलेल्या उंदरांपुढे २ कळी ठेवल्या, एकीनं नशा मिळते, दुसरीनं दार उघडून दुसरा उंदीर मिनिटभर भेटतो. जवळजवळ सगळ्यांनी सोबती निवडला. मात्र सोबती यायला उशीर होऊ लागला, तसे ते पुन्हा नशेच्या कळीकडे वळले.

त्या उशिराचा मी खूप विचार केला आहे. तुला मित्र आहेत, मला माहीत आहे. पण त्या दुपारी ते कधीतरी संध्याकाळी भेटणार होते, आणि सिगारेट हाताच्या अंतरावर होती.

पुढची बैठक गुरुवारी ३ वाजता आहे म्हणतोस. ती सुटली की एकटा कुठेही जाऊ नकोस. दाराबाहेर पडताच मला फोन लाव. बोलायला काही सुचलं नाही तरी लाव, मी बोलेन. ४ ते ६ मी दुसरं काही ठेवलेलं नाही, फोन हातातच असेल.

तुझी,
मॅडम